वाचकांचे प्रश्न : पावसाळी हवा आणि लहान विमाने

सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उठणारी शिकाऊ विमाने आता बेळगाव तालुक्यातल्या लोकांच्या चांगल्या ओळखीची झाली आहेत. पावसाळा तोंडावर आला की त्यांच्याबद्दलची पत्रेही वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांत विद्यार्थी आहेत, पालक आहेत, गॅरेजवाले आहेत आणि ज्यांच्या शिवारावरून ही विमाने जातात ते शेतकरीही आहेत. ज्या प्रश्नाला जितके उत्तर लागते तितकेच दिले आहे.

प्रश्न : आमच्या शाळेवरून शिकाऊ विमाने दिवसभर घिरट्या घालतात. पाऊस नसला आणि नुसते आभाळ खाली आले, तरी ती बंद होतात. मोठी प्रवासी विमाने मात्र त्याच वेळी उतरतात. लहान विमान इतके नाजूक असते का?
— एक शिक्षिका, सांबरा

उत्तर : विमान नाजूक नसते. फरक आहे तो ते कशाच्या आधारे चालवले जाते याचा. शिकाऊ वैमानिक डोळ्यांनी जमीन आणि क्षितिज पाहून उडतो. अशा उड्डाणाला नियमाने किमान ५ किलोमीटर दृश्यता लागते. ढगांपासून आडवे १५०० मीटर आणि उभे ३०० मीटर अंतर ठेवावे लागते. नियंत्रित विमानतळावर उतरताना-उडताना ढगांचे छत जमिनीपासून १५०० फुटांपेक्षा खाली असून चालत नाही. छत म्हणजे अर्ध्याहून जास्त आकाश झाकणारा सगळ्यात खालचा थर.

हवा या मर्यादांपेक्षा वाईट असेल तर फक्त यंत्रे वाचून उडावे लागते. त्यासाठी वैमानिकाकडे वेगळे प्रशिक्षण व परवाना, विमानात तशी साधने आणि विमानतळावर खाली येण्याची आखून दिलेली वाट, हे तिन्ही हवे. प्रवासी विमानात दोन अनुभवी वैमानिक, हवामानाचा रडार आणि ऑटोपायलट असतो. तरीही हवा किमान मर्यादेखाली गेली तर तेही दुसरीकडे वळते.

तुमचे निरीक्षण नेमके आहे. लहान विमानाला सरीपेक्षा खाली आलेले आभाळच जास्त घातक ठरते. सर दूरवरून दिसते आणि तिला वळसा घालता येतो. आभाळ मात्र हळूहळू खाली येते, वैमानिक त्याच्याबरोबर थोडा-थोडा खाली येत राहतो, आणि मग वर ढग व खाली डोंगर अशा फटीत अडकतो.

प्रश्न : मी विमान चालवायला शिकतो आहे, सोलो (एकट्याने उड्डाण) झाले आहे. आमचे इन्स्ट्रक्टर म्हणतात, "ढगात शिरलास तर तुझ्या हातात तीन मिनिटे." सगळी यंत्रे समोर चालू असताना तीन मिनिटांत विमान हातचे जाईल, हे पटत नाही. आणि चुकून शिरलोच तर नेमके काय करायचे?
— एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : तीन मिनिटांचा आकडा एका प्रयोगातून आला आहे. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने यंत्राधारित उड्डाणाचा सराव नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिले. विसाच्या विसांनी ताबा गमावला. सर्वांत लवकर गमावणाऱ्याला २० सेकंद लागले, सर्वांत जास्त टिकलेल्याला ४८०. सरासरी निघाली १७८ सेकंद.

कारण आपल्या कानात आहे. अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांत द्रव असतो आणि त्याच्या हालचालीवरून मेंदूला वळण कळते. पाण्याने भरलेला तांब्या गोल फिरवला तर आधी फक्त तांब्या फिरतो, पाणी मागे राहते. थोड्या वेळाने पाणीही त्याच वेगाने फिरू लागते. कानात हेच १० ते २० सेकंदांत घडते, आणि वळण चालू असतानाही कान सांगतो की आपण सरळ चाललो आहोत. सेकंदाला २ अंशांपेक्षा संथ वळण तर कानाला बहुधा मुळातच कळत नाही.

म्हणून ढगात गेल्यावर एक पंख हळूच खाली जातो तेव्हा वैमानिकाला पत्ताच नसतो. पंख कलला की नाक खाली जाते, वेग वाढतो, वाऱ्याचा आवाज चढतो, उंची दाखवणारा अल्टिमीटर भराभर उतरू लागतो. उंची जाते आहे म्हणून तो योक, म्हणजे हातातले स्टिअरिंग, मागे ओढतो. पंख कललेला असताना ओढल्याने विमान वर येत नाही, वळण आणखी घट्ट होते. ६० अंशांच्या कलात उंची राखायची तर पंखावर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला उचलून धरत नाहीत तो वेग, १.४१ पट होतो. सेस्ना १७२ एस हे लहान विमान फ्लॅप (पंखामागच्या झडपा) न सोडता ४८ नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) स्टॉल होत असेल तर इथे तो ६८ नॉटला होईल. पण स्टॉलपर्यंत गोष्ट सहसा जातच नाही. प्रयोगातले १९ जण अशा घसरत्या भोवऱ्यातच गेले.

याला ढगच लागतो असे नाही. १६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचे पायपर साराटोगा मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात पडले. धुरकट हवा, अंधार आणि खाली पाणी, त्यामुळे क्षितिज दिसत नव्हते. दिशाभ्रमातून विमानाचा ताबा सुटला, असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता. त्यांच्याकडे यंत्राधारित उड्डाणाची पात्रता नव्हती.

आता शिरलाच तर काय करायचे. पहिल्या दोन सेकंदांत काहीही करू नका, फक्त नजर आत आणा आणि ॲटिट्यूड इंडिकेटरवर, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या यंत्रावर, ठेवा. पंख समतल करा. योक दोन बोटे आणि अंगठा यांत धरा. मूठ आवळली की हात नकळत ओढतो. पॉवर आहे तीच ठेवा. हेडिंग (नाकाची दिशा, अंशांत) मोठ्याने वाचा आणि उलटी दिशा काढा : २०० मिळवा, २० वजा करा. म्हणजे २६० वर असाल तर ४६०, त्यातून २० गेले ४४०, ३६० पेक्षा जास्त म्हणून ३६० वजा, उरले ०८०. आकडा १८० पेक्षा मोठा असेल तर उलटे केले तरी तेच येते, २०० वजा आणि २० अधिक. हे गणित ढगात शिरल्यावर करायचे नसते. निघण्यापूर्वीच गुडघ्यावरच्या कागदावर प्रत्येक टप्प्याची परतीची दिशा लिहून ठेवा.

मग १५ अंशांचा कल. ९० नॉट वेगाला एवढ्या कलात सेकंदाला सुमारे ३ अंश वळण मिळते, म्हणजे मागे फिरायला साठ सेकंद. या मिनिटात नजर ॲटिट्यूड इंडिकेटरवरून अल्टिमीटरकडे, परत ॲटिट्यूड, मग हेडिंग, परत ॲटिट्यूड, अशीच फिरली पाहिजे. खाली पडलेला नकाशा उचलायला वाकू नका. वळणात डोके झटकन हलवले की कानातल्या दुसऱ्या नळ्या जाग्या होतात आणि विमान गडगडल्याचा भास होतो. नवी दिशा आली की पंख समतल. रेडिओवर बोलायचे ते यानंतर.

वेग वाढतो आहे आणि उंची पडते आहे असे दिसले तर क्रम पक्का लक्षात ठेवा : थ्रॉटल बंद, पंख समतल, त्यानंतरच नाक हळू वर. आधी ओढणे हीच घातक चूक आहे.

इलिनॉयच्या त्या प्रयोगातला पुढचा भाग फार कमी लोक सांगतात. त्याच वैमानिकांना नंतर मागे वळण्याची ठरावीक पद्धत थोड्याच तासांत शिकवली, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते सुखरूप बाहेर आले. तेव्हा इन्स्ट्रक्टरांना सांगून हूड (बाहेरचे दिसू न देणारी टोपी) घालून हे वळण महिन्यातून एकदा तरी करा. विमानात निर्वात पंपावर चालणारे जायरो (फिरत्या चक्राची यंत्रे) असतील तर सुरू करतानाच पंपाची ओढ दाखवणारे सक्शन गेज ४.५ ते ५.५ इंचांत आहे ना ते बघा. पंप गेल्यावर ॲटिट्यूड इंडिकेटर एकदम बंद पडत नाही. हळूहळू कलतो आणि वैमानिक त्याच्या मागे जातो. अशा वेळी विजेवर चालणारा, वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर खरे सांगतो.

प्रश्न : मुलगी वैमानिक होण्यासाठी शिकते आहे. पुढे तिला गोव्याच्या बाजूला लांबच्या फेऱ्या कराव्या लागतील. आम्ही जांबोटी-कणकुंबीची झड वर्षानुवर्षे बघतो, दहा पावलांवरचे दिसत नाही. त्या घाटावरून लहान विमान न्यायचे कसे?
— एक पालक, खानापूर

उत्तर : तुम्ही पाहता तशा दिवशी न्यायचेच नाही, आणि हे ठरवायचे ते सांबऱ्याला, जमिनीवर.

नैऋत्येचा वारा कोकणातून सरळ येऊन सह्याद्रीला थडकतो आणि वर चढतो. चढताना हवा दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने थंड होते आणि दवबिंदूपाशी, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानाशी, पोचली की ढग होतो. ढगाचा तळ काढण्याचा हिशेब सोपा आहे : तापमान आणि दवबिंदू यांतला फरक, गुणिले ४०० फूट. किनाऱ्यावर तापमान २७ आणि दवबिंदू २५ असेल तर फरक २, म्हणजे ढगाचा तळ जवळपास ८०० फुटांवर. घाटमाथा त्याच्या कितीतरी वर आहे. म्हणजे चोर्ला आणि आंबोली त्या दिवशी ढगाखाली नसतात, ढगाच्या आत असतात.

सांबऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २४८७ फूट आहे. तिथे २३ आणि २१ असा अहवाल आला तर तळ जमिनीपासून ८०० फुटांवर, म्हणजे अल्टिमीटरवर ३३०० च्या आसपास. १५०० फुटांची अट तिथेच मोडते. हा हिशेब खालून तापून वर येणाऱ्या हवेला चांगला लागू पडतो. संततधारेत ढगाचे फाटके तुकडे त्याहूनही खाली लोंबतात. म्हणून येणाऱ्या आकड्याला खात्री समजू नये, वरची मर्यादा समजावी.

या भागाची खरी फसवणूक वेगळीच आहे. अथणी-रायबागकडे पाऊस तुरळक, बेळगाव शहरात मध्यम, कणकुंबीला कोसळणारा. नकाशावर एका तासाचे अंतरही नाही. सांबऱ्यावर ऊन पडलेले असताना पश्चिमेला तीस किलोमीटरवर डोंगर पूर्ण झाकलेला असू शकतो. धावपट्टीवर उभे राहून घाटाचा अंदाज बांधणे चूक आहे. उपग्रहाचे चित्र, गोव्याच्या डॉप्लर रडारचे चित्र, आणि निघतो तिथला, पोचतो तिथला व मधला हवामान अहवाल, हे तिन्ही पाहिल्याशिवाय पश्चिमेकडे नाक करू नये.

गोव्याकडून परत येताना धोका आणखी वाढतो, कारण जमीन चढत जाते. सेस्ना १७२ समुद्रसपाटीला ७५ नॉटच्या आसपास मिनिटाला साधारण ७०० फूट चढते, म्हणजे एका सागरी मैलात ५६० फूट. डोंगराच्या आडोशाला खाली येणारा वारा मिनिटाला ५०० फुटांचा असला तर हाती उरतात २०० फूट, आणि सागरी मैलाला फक्त १६०. समोरचा कडा त्याहून वेगाने वर येतो.

मुलीला तीन गोष्टी पाठ असाव्यात. एक, माथ्याकडे काटकोनात न जाता ४५ अंशांत जायचे, म्हणजे बेत फसला तर थोड्याच वळणात बाहेर पडता येते. दोन, दरीत मधोमध न उडता उजव्या कडेला राहायचे, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते. तीन, वेग कमी केला की वळण लहान होते : ९० नॉटला १५ अंशांच्या कलात वर्तुळाचा व्यास सुमारे १.६ किलोमीटर, त्याच वेगाला ३० अंशांत ७६० मीटर, आणि ७० नॉटला ३० अंशांत साधारण ४६० मीटर. हे घट्ट वळण जमीन दिसत असतानाच. ढगात १५ अंशांच्या पुढे जायचे नाही.

पुढच्या दहा सागरी मैलांतली सर्वांत उंच जमीन आणि ढगाचा तळ यांत १५०० फूट उरत नसतील, किंवा दृश्यता ८ किलोमीटरच्या खाली आली, तर वळायचे, हा आकडा तिने आधी लिहून ठेवावा. नियम ५ किलोमीटर म्हणतो, पण नवशिक्याने नियमाच्या काठावर उडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ९० नॉट वेगाला ५ किलोमीटर जायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

अनुभव असला की हे टळते असेही नाही. ८ डिसेंबर २०२१ ला जनरल बिपीन रावत यांचे एमआय-१७ व्ही ५ हेलिकॉप्टर कुन्नूरजवळ कोसळले. दरीतली हवा अनपेक्षित बदलली, हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि दिशाभ्रम होऊन डोंगराला धडकले, असे हवाई दलाच्या चौकशीतून पुढे आले. यंत्रात बिघाड नव्हता आणि वैमानिक कसलेले होते.

एक विनंती तुम्हालाही. "किती वाजता पोचतेस, जेवायला थांबतो" असे सांगू नका. परत वळणाऱ्या वैमानिकाला मागे कोणी वाट पाहत आहे याचे ओझे नसले पाहिजे. ती मधूनच परत आली तर त्या दिवशी तिने काम चोख केले असे तिला सांगा.

प्रश्न : माझे दुचाकीचे गॅरेज आहे. विमानाच्या कार्बोरेटरमध्ये बर्फ होतो आणि इंजिन बंद पडते असे ऐकले. आपल्याकडे पावसाळ्यात २२-२३ अंश तापमान असते. तेवढ्यात बर्फ?
— एक मेकॅनिक, संकेश्वर

उत्तर : होय, आणि आपला पावसाळा त्याला अगदी पोषक आहे. पेट्रोलचे बाष्प होताना ते आजूबाजूची उष्णता घेते, आणि व्हेंचुरीत (कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात) हवा पसरल्यानेही थंडावते. दोन्ही मिळून कार्बोरेटरच्या आत तापमान २० अंशांहून जास्त उतरू शकते. बाहेर २२ अंश आणि आर्द्रता ९० टक्के, तर आतल्या भिंतीवर, आणि विशेषतः हवा कमी-जास्त करणाऱ्या बटरफ्लायच्या पाकळीवर, बर्फाचा थर धरतो. थ्रॉटल अर्धे मिटलेले असताना फट अरुंद असते, म्हणून धोका सर्वांत जास्त उतरताना. सेस्ना १५२ आणि जुन्या १७२ ला हे लागू आहे. नव्या १७२ एसला फ्युएल इंजेक्शन असल्याने तिथे कार्बोरेटरच नाही.

लक्षण चोरटे असते. पंख्याची पाती स्थिर कोनाची असेल तर आरपीएम हळूहळू उतरतो. वैमानिक न कळत थ्रॉटल थोडे पुढे सारतो, पुन्हा उतरतो, पुन्हा सारतो. मग इंजिन खरखरू लागते.

उपाय म्हणजे कार्ब हीट. ही खुंटी ओढली की एक्झॉस्टभोवतीच्या पत्र्याच्या कवचातली गरम हवा आत येते. ओढायची तर पूर्ण ओढायची. अर्धवट गरम हवेने कधीकधी बर्फ होण्याजोगेच तापमान तयार होते. ओढल्यावर आरपीएम आणखी पडतो आणि इंजिन जास्तच थरथरते, कारण वितळलेले पाणी सिलिंडरमध्ये जात असते. इथेच लोक घाबरून खुंटी परत आत ढकलतात. ढकलू नये. अर्धा मिनिट धीर धरला की आरपीएम वर येतो, पूर्वीपेक्षाही वर. इंजिन पूर्ण बंद पडल्यावर एक्झॉस्ट गार होतो आणि मग गरम हवा मिळायची कुठून? म्हणून पावसाळ्यात पॉवर आरपीएमच्या तबकडीवरच्या हिरव्या पट्ट्याखाली आणण्याच्या आधीच कार्ब हीट ओढायची सवय हवी, आणि उतरणे रद्द करून पुन्हा वर जाताना ती आत करायची. जमिनीवर ती उगाच उघडी ठेवू नये, कारण ही हवा फिल्टरमधून येत नाही आणि धूळ थेट इंजिनात जाते.

प्रश्न : एप्रिल-मेमधल्या वळवाच्या ढगापासून विमानाने किती लांब राहावे?
— एक वाचक, अथणी

उत्तर : मोठ्या गडगडाटी ढगापासून २० सागरी मैल, म्हणजे साधारण ३७ किलोमीटर. ढगाखालून पलीकडचे ऊन दिसत असले तरी खालून जायचे नाही. त्यातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून जोराचा वारा लागतो, वेग वाढलेला दिसतो आणि वैमानिक पॉवर कमी करतो. लगेच वरून दाब येतो आणि मग मागून वारा. वेग एकदम पडतो तो नेमका जमिनीजवळ. वळीव अर्ध्या-पाऊण तासात निवळतो. तेवढे थांबावे किंवा दुसऱ्या विमानतळावर जावे.

प्रश्न : चार दिवस झड लागल्यावर उघड्यावर उभे असलेले विमान उडवण्याआधी नेमके काय तपासायचे?
— विमान देखभालीचा विद्यार्थी, हिंडलगा

उत्तर : आधी इंधन. टाकीचे झाकण आणि त्याची रबरी रिंग बघा. चिरलेल्या रिंगमधून पाणी सरळ टाकीत उतरते. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने भिंतीवर दव धरून पाणी साचते ते वेगळेच. पंख हलकेच हलवून थोडा वेळ जाऊ द्या, मग प्रत्येक ड्रेनमधून (निचऱ्याच्या तोटीतून) नमुना घ्या. सेस्ना १७२ एसला असे १३ ड्रेन आहेत, एकही सोडायचा नाही. हंड्रेड एलएल हे विमानाचे पेट्रोल निळे असते आणि पाणी तळाला वेगळे दिसते. पण अख्खा कपच पाण्याने भरला तर दोन थर दिसत नाहीत आणि नमुना स्वच्छ वाटतो. म्हणून कप पांढऱ्या कागदासमोर धरा आणि निळा रंग आहे ना ते पाहा.

मग वेग मोजणारी पिटो नळी. झाकण नसेल तर कुंभारीण माशी एक-दोन दिवसांत तिच्यात मातीचे घर बांधते. नळी आणि तिचे निचऱ्याचे छिद्र दोन्ही बुजले तर वेगाचा काटा उंचीबरोबर चढतो आणि उतरतो, वेगाशी त्याचा संबंध राहत नाही. वर चढताना काटा वाढतो, वैमानिक नाक आणखी उचलतो आणि स्टॉल होतो. नळीत तोंडाने फुंकू नका, आतले यंत्र बिघडते. धावपट्टीवर वेग घेताना काटा हलला नाही तर उड्डाण तिथेच सोडा. बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या स्टॅटिकच्या छिद्रांवर पाण्याचा थेंब किंवा चिखल नको, नाहीतर अल्टिमीटर एकाच आकड्यावर अडकतो.

शेवटी टायरची हवा. पाणी साचलेल्या धावपट्टीवर चाक तरंगू लागण्याचा वेग म्हणजे टायरच्या दाबाचे वर्गमूळ गुणिले ९. दाब ४२ पीएसआय असेल तर ५८ नॉट. तो ३० वर आला असेल तर ४९ नॉटलाच चाक तरंगेल. मग ना ब्रेक लागतो, ना आडव्या वाऱ्यात दिशा राहते.

प्रश्न : लहान विमानात ब्लॅक बॉक्स नसतो म्हणतात. मग हवामानामुळे पडले की इंजिनामुळे, हे तपासणाऱ्यांना कळते कसे?
— एक वाचक, गोकाक

उत्तर : बहुतेक लहान विमानांत तो नसतो हे खरे. पण अवशेष पुष्कळ सांगतात. आपल्याकडे हे काम विमान अपघात अन्वेषण ब्युरो करतो. पंख्याची पाती एस आकारात वळली असतील तर आपटताना इंजिन ताकदीने फिरत होते. जायरोच्या चक्रावर गोल ओरखडे असतील तर ते फिरत होते, म्हणजे निर्वात पंप चालू होता. धोक्याच्या दिव्याची तार ताणून लांबली असेल तर तो दिवा त्या क्षणी पेटलेला होता. अवशेष लांबवर एका रेषेत पसरले असतील तर विमान ताब्यात असताना डोंगराला घासले. एकाच जागी खोल खड्डा असेल तर ते भोवऱ्यातून आले. आणि शेपूट बाकीच्या विमानापासून बरेच दूर सापडले तर हवेतच तुटले. जी १००० सारख्या काचेच्या पडद्याच्या कॉकपिटमध्ये मेमरी कार्डावर दर सेकंदाची नोंद असते. त्याला टॉवरचे रेकॉर्डिंग, त्या वेळचा हवामान अहवाल, उपग्रहाचे चित्र आणि पाहिलेल्या माणसांची साक्ष यांची जोड मिळते. "ढगातून आवाज चढत चढत आला आणि मग दिसले," असे शेतातल्या माणसाने सांगितले तर त्याला मोठे मोल असते.

प्रश्न : ३० मे २०२३ ला आमच्या होन्निहाळच्या शिवारात शिकाऊ विमान तातडीने उतरले होते. दोघेही किरकोळ जखमांवर वाचले. गर्दी फार झाली, पण नेमके काय करावे हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुन्हा असे झाले तर?
— एक शेतकरी, होन्निहाळ

उत्तर : ११२ वर फोन करा आणि गावाबरोबर शिवाराचे नाव, जवळचा रस्ता आणि गाडी कुठपर्यंत येते ते सांगा. एका माणसाला त्या फाट्यावर उभे करा.

मग वर पाहा. विमानाला विजेची तार लागली आहे का, किंवा तुटून ओल्या रानात पडली आहे का? असेल तर हेस्कॉम या वीज कंपनीकडून लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही जवळ जायचे नाही. सेस्ना १५२ मध्ये ९० लिटरच्या वर आणि १७२ एसमध्ये २०० लिटरपर्यंत पेट्रोल असू शकते. बिडी-सिगारेट नको, मोटरसायकल आणि ट्रॅक्टर लांबच बंद करा. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूने जा आणि पंखामागून दाराकडे या. पुढच्या पंख्याला हात लावू नका. इंजिन बंद असले तरी मॅग्नेटोमुळे (ठिणगी देणाऱ्या यंत्रामुळे) तो एक झटका घेऊ शकतो. काही विमानांच्या पाठीवर रॉकेटने सुटणाऱ्या पॅराशूटचा इशारा लिहिलेला असतो. तो दिसला तर त्या जागेपासून दूर राहा.

हात पोचत असेल तर डावीकडच्या पॅनेलवरची किल्ली ऑफवर फिरवा आणि लाल मास्टर स्विच बंद करा. आग किंवा पेट्रोलची गळती नसेल तर जखमीला ओढून काढू नका; मान न हलवता धरून ठेवा आणि ॲम्ब्युलन्सची वाट पाहा. विमान उलटे असेल तर पट्टा कापण्यापूर्वी दोघांनी खांद्याखाली आधार द्या, नाहीतर तो माणूस डोक्यावर पडेल. आग लागली असेल तर मान-पाठ न बघता बाहेर काढा.

माणसे बाहेर आल्यावर अवशेष जिथल्या तिथे राहू द्या. सुटकेसाठी हलवावे लागले तेवढेच हलवा, आधी मोबाइलवर फोटो घ्या. तुटका तुकडा घरी नेऊ नका, रान धुऊ नका. पिकाचे फोटोही त्याच वेळी काढा, पंचनाम्याला लागतात.

विमान उंच उसात शिरले आणि बाहेरून दिसत नसेल तर ऊस पेटवून वाट करायची नाही, कोयत्याने करायची. शेपटीकडे भगव्या रंगाचा लहान डबा असतो, तो तसाच चालू राहू द्या. आपटल्यावर तो आपोआप ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवतो, उपग्रह तो पकडतात आणि बंगळूरच्या केंद्राला जागा कळते. जुना डबा फक्त १२१.५ मेगाहर्ट्झचा असेल तर १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह तो ऐकत नाहीत. त्या विमानाचा ठावठिकाणा लागतो तो गावातून गेलेल्या फोननेच, म्हणून "कोणीतरी केला असेल" असे समजून थांबू नका.